एकोणसाठ म्हणजे ‘वन लेस दॅन सिक्स्टी’

प्रति,
मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांचे मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),

स. न. वि. वि.

मागच्या जानेवारीत आमच्या शाळेला एक भेट झाली. कोणत्या साहेबांची, कोणत्या कार्यालयाची, ते सांगत बसत नाही. त्यांची आता बदलीही झाली आहे. ते सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर सात-आठ मिनिटं बसले, उठले आणि शेरेबहीत लिहून गेले : ‘सेमी इंग्रजीच्या वर्गात गणिताचे अध्यापन मराठीतून सुरू असल्याचे आढळले. संबंधित शिक्षिकेने सुधारणा करावी व खुलासा सादर करावा.’ (सेमी म्हणजे शाळा मराठी, पण गणित आणि विज्ञान इंग्रजीतून.) खुलासा मी दुसऱ्याच दिवशी दोन ओळींत पाठवला. खुलाशाला दोन ओळी पुरतात, हे एवढ्या वर्षांच्या नोकरीत कळलंय. त्या दोन ओळींत जे मावलं नाही ते इथे लिहिते, आणि ते एका साहेबांना न लिहिता तुम्हा आठही जणांना लिहिते, कारण हा शेरा काही माझ्या एकटीच्या शाळेत पडलेला नाही.

त्या दिवशी फळ्यावर गणित होतं : ‘फाइव्ह लेस दॅन अ नंबर इज ट्वेल्व्ह. फाइंड द नंबर.’ वर्गात ३१ मुलं. निम्म्याहून जास्त जणांनी मांडलं : ५ − एक्स = १२. वाचत गेली तशी लिहीत गेली. फाइव्ह आला, ५ लिहिला. लेस आलं, वजाचं चिन्ह काढलं. नंबर आला, एक्स ठेवला. एका मुलीनं तर ते समीकरण नीट सोडवूनही दाखवलं. “मॅडम, मपलं ऋण सात आलंय.” ऋण संख्या आधीच शिकून झालेल्या, त्यामुळे तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. आणि साहेब, तिचं गणित चुकलेलं नव्हतंच. तिनं मांडलेल्या समीकरणाचं उत्तर ऋण ७ च येतं. तिचं वाक्य चुकलं होतं.

मग मी तेच मराठीत विचारलं. एका संख्येपेक्षा ५ ने कमी म्हणजे १२, तर ती संख्या कोणती? “सतरा!” सगळा वर्ग. ज्याच्याकडे त्या दिवशी वहीही नव्हती, तोसुद्धा.

म्हणजे वजाबाकी येत होती, समीकरण येत होतं. येत नव्हतं ते ‘लेस दॅन’. मराठीत आपण आधी ‘एका संख्येपेक्षा’ म्हणतो आणि मग ‘५ ने कमी’. बोलण्याचा क्रम आणि मांडण्याचा क्रम एकच. इंग्रजीत ५ आधी येतो आणि ज्यातून तो काढायचा ती संख्या नंतर. मांडताना उलटं करावं लागतं. हे उलटं करणं मुलांना इंग्रजीच्या तासाला कोणी शिकवत नाही, कारण ते गणित आहे. आणि गणिताच्या तासाला शिकवायचं नाही, कारण ते इंग्रजी आहे, आणि इंग्रजी समजावायला मराठी लागते, आणि मराठी बोललं की शेरा.

मी मुलांना विचारलं, एकोणसाठ म्हणजे काय? पन्नास आणि नऊ, कोणी म्हणालं. साठाला एक कमी, दुसरं कोणी म्हणालं. मग शब्द फोडला : एक, ऊण, साठ. ऊण म्हणजे उणा, आपण ‘उणे’ म्हणतो तोच. एक-उणे-साठ. बोलताना एक आधी आला, पण लिहिताना? ६० − १. पोरं क्षणभर गप्प झाली. मग खिडकीजवळचा एक जण म्हणाला, “मग इंग्रजीवाले मपल्या एकोणसाठवाणीच बोलतेत की! वन लेस दॅन सिक्स्टी.” आणि त्याच्या शेजारच्यानं त्यावर कळस चढवला, “म्हंजी फाइव्ह लेस दॅन एक्स हे पाचोणएक्स!”

वर्ग खदखदून हसला. साहेब तेव्हा मागच्या बाकावरच होते. त्यांना त्यात फक्त मराठी ऐकू आली.

त्यानंतरच्या चाचणीत या प्रकारचं गणित चार जणांचं चुकलं, आणि त्यातला एक त्या दिवशी गैरहजर होता. आमच्या वर्गात ‘पाचोण’ हा आता रूढ शब्द आहे. कोणी घाईत उलटं मांडलं की दुसरं कोणी तरी बाकावरून ओरडतं, “पाचोण, पाचोण!”

संख्यांच्या नावांचं हे प्रकरण काही वर्षांपूर्वी राज्यभर गाजलं होतं, तुम्हाला आठवत असेल. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ अशी वाचनाची पद्धत दिली, आणि विधानसभेपर्यंत त्याची टर उडाली. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुलं संख्यांना घाबरतात. मी तेव्हा दुसरीला शिकवत होते, आणि त्यांचं म्हणणं मला शब्दन् शब्द पटलं होतं. ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहिणारी मुलं मी दरवर्षी पाहते. पाच आधी ऐकू येतो म्हणून पाच आधी लिहितात. तिथे इंग्रजी खरोखर मदतीला येते. ‘ट्वेंटी फाइव्ह’ म्हणा, दोन दशक आधी, पाच एकक नंतर, लिहिण्याचा क्रम तोच. एवढं की मी दुसरीच्या मुलांना आधी इंग्रजीत म्हणायला लावून मग मराठीत लिहायला सांगायचे. पुढे ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांच्यात ती अडखळायची, तेव्हा मराठी धावून यायची. तेरा आणि तीस यांच्यात कोणाचा गोंधळ होईल? म्हणजे एका भाषेनं दुसरीला हात द्यायचा आणि दुसरीनं पहिलीला. मला दोन्ही भाषांतून गणित शिकवायचं आहे ते यासाठी. माझ्याकडे इंग्रजी कमी आहे म्हणून नव्हे. (थोडी कमी आहेच, ते नाकारत नाही. मी स्वतः मराठी माध्यमात शिकलेली, डी.एड.ही मराठीतच झालं.)

आता ‘इंटू’ घ्या. आपण सगळे, तुम्हीसुद्धा, ‘पाच इंटू चार वीस’ म्हणतो. हे आपलं देशी इंग्रजी आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इंग्लंडमधल्या शाळेत ‘फोर इंटू ट्वेल्व्ह’ म्हटलं तर उत्तर ४८ येत नाही, ३ येतं. बारामध्ये चार किती वेळा जातात, असा त्याचा अर्थ. आमच्या शाळेला मिळालेल्या टॅबवर परदेशी बाईंच्या आवाजात गणिताचे धडे आहेत. त्यात एकदा हेच वाक्य आलं आणि मुलांनी माझ्याकडे असं पाहिलं की बाईंनाच पाढे येत नाहीत.

भागाकारात तर मराठी आणि इंग्रजी या दोन भाषांचा सगळा स्वभाव उघडा पडतो. ‘१२ ला ४ ने भागा.’ शब्द उलटेपालटे करा : ‘४ ने १२ ला भागा’. अर्थ बदलत नाही, कारण कोण भाज्य आणि कोण भाजक हे ‘ला’ आणि ‘ने’ सांगतात. आपल्या भाषेत काम प्रत्यय करतो. इंग्रजीत असे प्रत्यय नाहीत, तिथे जागा आणि मधला चिमुकला शब्द काम करतो. ‘डिव्हाइड ट्वेल्व्ह बाय फोर’मध्ये तो ‘बाय’ नजरेतून सुटला की गणित गेलं. मी हे मुलांना गणिताच्या तासाला शिकवलं, आणि गंमत म्हणजे त्याच आठवड्यात आमच्या इंग्रजीच्या सरांनी येऊन विचारलं, “मॅडम, पोरं अचानक ‘रामा हिट्स द बॉल’ आणि ‘द बॉल हिट्स रामा’ यातला फरक कसा काय सांगायला लागली?” व्याकरणाच्या तासाला जे वर्षभर बसत नव्हतं, ते बारा आणि चारनं बसवलं. संख्येला गैरसमज चालत नाही ना. वाक्य चुकीचं वाचलं की उत्तर लगेच सांगतं.

मुलं अडतात ती मोठ्या शब्दांवर, असं सगळ्यांना वाटतं. प्रशिक्षणात आम्हाला शब्दांची यादी देतात : न्यूमरेटर, डिनॉमिनेटर, पेरिमीटर, हायपोटेन्यूज. हे शब्द मुलं दोन दिवसांत पाठ करतात. पाठांतराला आपली मुलं कधी कमी पडली? अडतात ती ‘ऑफ’वर, ‘इच’वर, ‘ॲट लीस्ट’वर, ‘अल्टुगेदर’वर. ‘वन थर्ड ऑफ ट्वेंटी फोर’मधला ‘ऑफ’ म्हणजे गुणिले, हे यादीत नसतं. ‘ॲट लीस्ट टेन’ म्हणजे दहा किंवा जास्त. पण ‘लीस्ट’ म्हणजे सगळ्यात कमी हे शिकवलेलं, म्हणून पोरं दहापेक्षा लहान संख्या शोधत बसतात. २०२२ मध्ये बालभारतीनं पहिलीसाठी द्विभाषिक पुस्तकं काढली, मराठी शब्दाशेजारी इंग्रजी शब्द. चांगलंच झालं. पण शब्दाला शब्द जोडून पहिली निभते. सातवीला वाक्याला वाक्य जोडावं लागतं.

आणि काही शब्द दुहेरी. ‘टेबल’ म्हणजे मेजही आणि पाढाही. ‘मीन’ म्हणजे सरासरी, आणि इंग्रजीच्या तासाला ‘व्हॉट डू यू मीन?’ ‘व्हॉल्यूम’ टीव्हीचाही आणि टाकीचाही. सरळव्याज शिकवताना ‘फाइंड द प्रिन्सिपल’ आलं, तेव्हा एका मुलानं मनापासून सांगितलं की ते तालुक्याला मीटिंगला गेलेत. हसून सोडून देण्यासारखं आहे, पण त्या मुलाच्या घरात ‘मुद्दल’ आणि ‘व्याज’ हे शब्द रोज उच्चारले जातात, नको तितके. ‘शेकडा तीन’ म्हणजे महिन्याला शंभराला तीन रुपये, म्हणजे वर्षाला ३६ टक्के, हा हिशेब तो तोंडी करतो. पुस्तकातलं ‘पर ॲनम’ त्याला नवं असतं. मी त्याला आधी सावकाराचा शेकडा मांडू दिला, मग बँकेचा द.सा.द.शे. शेजारी ठेवला, मग दोन्ही इंग्रजीत. ‘प्रिन्सिपल’ पुन्हा कधी मीटिंगला गेले नाहीत.

जिथे मराठीचं भांडवल इंग्रजीपेक्षा मोठं आहे, तिथे आम्ही ते चक्क फेकून देतोय याचं मला फार वाईट वाटतं. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन. इंग्रजीला ‘दीड’साठी चार शब्द लागतात, ‘वन अँड अ हाफ’. आमच्या गावच्या आठवडी बाजारात दहा वर्षांची मुलगी ‘सव्वाशे’ आणि ‘पावणेदोनशे’ यांची बेरीज ‘तीनशे’ अशी पटकन करते. तिची आजी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी म्हणायची. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, तोही तिला येतो. अपूर्णांकांची एवढी घरगुती तयारी असलेली ती मुलगी शाळेत येते आणि ‘इम्प्रॉपर फ्रॅक्शन’ या शब्दाशी अडते, आणि आम्ही मूल्यमापनात लिहितो : अपूर्णांक संबोध अप्राप्त.

दशांशाचंही तसंच. ०.८१ मोठं की ०.९? ‘पॉइंट एटी वन’ आणि ‘पॉइंट नाइन’ असं कानावर पडलं की मूल ८१ मोठं म्हणतं. खरं इंग्रजी वाचन ‘पॉइंट एट वन’ असं एकेक अंक सुटा म्हणण्याचं आहे, ते आम्हा शिक्षकांनाच कोणी सांगितलं नव्हतं. आणि जुनं मराठी वाचन त्याहून उजेडाचं : एक्क्याऐंशी शतांश. नऊ दशांश म्हणजे नव्वद शतांश. आता सांग, मोठं कोणतं? हा धडा मी सातबाऱ्यावर घेते. मुलं घरून झेरॉक्स आणतात. त्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, बाप बोलतो एकर-गुंठ्यांत, पुस्तक विचारतं स्क्वेअर मीटरमध्ये. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट; ४० गुंठ्यांचा एकर; ०.८१ हेक्टर म्हणजे दोन एकर. दोन भाषा आणि तीन मापं एका कागदावर. ज्या दिवशी आम्ही हे केलं, त्या दिवशी एका मुलीला कळलं की तिच्या चुलत्याच्या नावावर आबांनी सांगितलं होतं त्यापेक्षा दोन गुंठे जास्त आहेत. पुढचं त्यांच्या घरात काय झालं ते मी विचारलं नाही.

साहेब, आपल्या भागात हे सगळं नवं नाही. माझे आजोबा मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला शिकले. निजामाचं राज्य, शाळेची भाषा उर्दू. त्यांची बेरीज ‘जमा’, वजाबाकी ‘तफ्रीक’, गुणाकार ‘जर्ब’, भागाकार ‘तक्सीम’. हैदराबादला १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वरचं गणितही उर्दूतूनच होतं, आणि पुस्तकं उर्दूत आणायला वेगळा अनुवाद विभाग होता. आजोबा म्हातारपणीसुद्धा दुकानाचा हिशेब मोठ्यानं उर्दूत सांगायचे, पण ओठ मात्र हलायचे ‘बे एके बे’वर. त्यांना गणित समजलं ते, त्यांच्याच शब्दांत, “मास्तर दार लोटून मराठीत सांगायचे म्हणून”. हिप्परग्याला आणि अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांनी शाळा चालवल्या, त्यामागे आपल्या भाषेत शिकण्याची ही भूकही होती. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर माझे वडील उघड्या दारानं मराठीत गणित शिकले. मीही. आता माझे विद्यार्थी इंग्रजीत शिकतात, आणि मी दार लोटून मराठीत सांगते. शंभर वर्षांत भाषा दोनदा बदलली, मास्तरांचं दार तिथल्या तिथे.

‘मातृभाषा’ हा शब्दही आपल्याकडे जरा जपून वापरावा लागतो. माझ्या वर्गात सहा मुलं तांड्यावरची आहेत. त्यांच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात. मराठी हीच त्यांची शाळेतली पहिली परकी भाषा. किनवट-माहूरकडे काही मुलांची घरची भाषा गोंडी किंवा कोलामी, देगलूरकडे तेलुगू. तिथल्या शिक्षकाला तर दोन नव्हे, तीन पायऱ्या. तांड्यावरच्या एका मुलाला मी विचारलं की मनात आकडे कोणत्या भाषेत मोजतोस. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, “बोटांनी.”

आणि आमचा हा बालाघाटाचा डोंगरपट्टा म्हणजे कोयत्याचा, ऊसतोडीचा मुलूख. दिवाळी झाली की नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची आगाऊ उचल घेऊन उसाच्या फडावर. काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापांबरोबर जातात आणि मार्च-एप्रिलात उन्हाबरोबर परत येतात. मागच्या वर्षी असा एक मुलगा आला. उचल अमुक, टनाला अमुक, तर किती टन तोडल्यावर फिटेल, आणि मुकादमाचं कमिशन धरलं तर किती, हे त्यानं मला उभ्या उभ्या सांगितलं. त्याच आठवड्यातल्या चाचणीत ‘फाइंड द कोशंट’ त्यानं कोरं सोडलं होतं. भागाकार त्याच्या हातापायात होता. त्या शब्दाच्या आठवड्यात तो उसाच्या फडात होता.

मी इंग्रजीच्या विरोधात आहे असं कृपा करून समजू नका. माझा मुलगा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकला, हे आधीच सांगून टाकते. गावात पिवळी गाडी येते, शेजारच्या शाळेची, आणि आमचा पट दरवर्षी चार-पाचनं घटतो. सेमी सुरू केलं तेव्हा तो थांबला. पालकांना इंग्रजी हवं आहे आणि ते योग्य आहे. नीट आणि जेईई मेन आता मराठीतूनही देता येतात, तरी लातूरच्या शिकवण्यांचे बोर्ड इंग्रजीतच आहेत, हे पालकांना दिसतं. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तेव्हापासूनची प्रत्येक बॅच मी पाहिलेय. इंग्रजी हवं आहे म्हणूनच माझा आग्रह आहे की ते शिकवू द्या. सेमीमध्ये आज आम्ही ते शिकवत नाही, फक्त बोलतो. पुस्तकातली ओळ वाचायची, फळ्यावर गणित सोडवायचं, मुलांनी उतरवून घ्यायचं. मुलांच्या तोंडून तासाभरात एकही इंग्रजी वाक्य निघत नाही. ‘येस मॅडम’ सोडून.

दुसऱ्या देशांनी हा अनुभव घेऊन ठेवला आहे. मलेशियानं २००३ मध्ये गणित आणि विज्ञान इंग्रजीत न्यायला सुरुवात केली. खेड्यातली मुलं मागे पडताना दिसली, २००९ मध्ये २०१२ पासून माघार घेण्याचं जाहीर केलं. कॅनडात स्थलांतरितांच्या मुलांचा अभ्यास करणारे जिम कमिन्स यांनी १९७९ पासून एक साधा भेद मांडला : मैदानावरची बोलण्याची भाषा साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. आणि तिथे तर मुलांच्या चहूबाजूंना इंग्रजी होतं. आमच्याकडे चहूबाजूंना सोयाबीन आहे.

आपलं धोरणही माझ्या बाजूनं आहे. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात, कलम २९ मध्ये, शक्य तिथवर मातृभाषा हेच माध्यम म्हटलंय. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात गणित-विज्ञानासाठी चांगली द्विभाषिक पुस्तकं आणि साहित्य करायला सांगितलंय, मुलांना त्या विषयांचा विचार आणि बोलणं घरच्या भाषेत आणि इंग्रजीतही करता यावं म्हणून. दोन्ही भाषांत विचार करणं आणि बोलणं, शेरेबहीतल्या ‘सुधारणा करावी’मध्ये नेमकं हेच बसत नाही.

मी वर्गात काय करते ते सांगते; मोठं काही नाही. प्रत्येकाकडे एक वाक्याची वही आहे. डाव्या पानावर मराठी, उजव्यावर इंग्रजी, रोज एकच वाक्य, आणि मधल्या शब्दाखाली लाल रेघ. शाब्दिक उदाहरण आम्ही तीनदा वाचतो. पहिल्यांदा आकडे हातानं झाकून, फक्त गोष्ट काय आहे ते मराठीत सांगायचं. दुसऱ्यांदा विचारलंय काय ते. तिसऱ्यांदा हात काढायचा. शेवटच्या दहा मिनिटांत जोडीनं बोलायचं, इंग्रजीत, मोडकं चालेल, पण ‘बिकॉज’ आलंच पाहिजे. ‘आय सबट्रॅक्टेड बिकॉज…’ आणि शनिवारी मुलं स्वतः उदाहरणं रचतात. एकानं लिहिलं होतं : ‘माय फादर हॅज फाइव्ह एकर. माय अंकल हॅज टू एकर लेस दॅन माय फादर. व्हाय?’ त्या ‘व्हाय’चं उत्तर गणितात नव्हतं, पण ‘लेस दॅन’ अगदी जागेवर होतं.

तुमच्याकडून पैसे नकोत. शाळा भेटीच्या नमुन्यात ‘अध्यापन कोणत्या भाषेतून’ असा रकाना असतो, त्याच्या जागी ‘मुलं गणिताबद्दल इंग्रजीत किती वाक्यं बोलली’ असा घाला. मग माझ्या मराठीची कोणाला अडचण वाटणार नाही, आणि नुसतं इंग्रजीत वाचून दाखवणाऱ्याचं पितळही उघडं पडेल. आठवीपर्यंतच्या चाचण्यांच्या प्रश्नपत्रिकेत प्रत्येक शाब्दिक उदाहरण दोन्ही भाषांत छापा, शेजारी शेजारी. दहावीचा पेपर इंग्रजीतच येणार हे माहीत आहे. आठवीपर्यंत आधार द्या, मग हळूच काढून घ्या, सायकल शिकवताना मागचा हात काढतो तसा. आणि दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत इंग्रजीचे आणि गणिताचे शिक्षक वेगवेगळ्या खोल्यांत बसतात, त्यांना एकदा एका खोलीत बसवा. आमच्या इंग्रजीच्या सरांना सातवीच्या गणितात ‘दॅन’ किती वेळा येतं हे ठाऊक नव्हतं, आणि मला ते ‘दॅन’ इंग्रजीच्या तासाला कसं शिकवतात हे. चहाच्या एका कपात मिटलं. केंद्रप्रमुखांना सांगितलं तर पुढच्या परिषदेतच होईल, फक्त तेवढ्या दिवशी ऑनलाइन माहिती भरायचं काम आम्हाला देऊ नका.

ऋण ७ काढणारी ती मुलगी आता आठवीत गेली, दुसऱ्या गावाला. जाण्याआधी तिनं वहीच्या शेवटच्या पानावर एक उदाहरण करून ठेवलंय, आणि त्यावर ‘साहेबांसाठी’ असं लिहिलंय. मी ते सोडवलेलं नाही, कारण ते माझ्यासाठी नाही. वही माझ्या कपाटात आहे. बुधवारी आणि शुक्रवारी चौथा तास गणिताचा असतो. आपल्यापैकी कोणीही या, कळवून यायचीही गरज नाही. मागच्या बाकावर बसा. त्याचा एक पाय डगमगतो, तेवढं सांभाळून.

कळावे,

आपली नम्र,
एक सहशिक्षिका
जि. प. शाळा, बालाघाट परिसर